आगळ

गोल झाला तेव्हा आमच्या गल्लीतली लाइट गेलेली होती.

२००४ सालचा जुलै. रविवारची रात्र उलटून सोमवार लागलेला. लिस्बनला संध्याकाळचे पावणेआठ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. युरो कपची फायनल म्हणून नानांच्या सोप्यात आम्ही सात-आठजण जमलो होतो. बाहेर कोल्हापुरी पाऊस, धो धो नव्हे, पण थांबायचं नाव न घेणारा. मध्ये परातभर भाजलेल्या शेंगा. पोर्तुगाल विरुद्ध ग्रीस. युरो कपात ब्राझील नसतं आणि अर्जेंटिनाही नसतं, मग या दोघांत वाटल्या गेलेल्या आमच्या कोल्हापुरानं करायचं काय? ब्राझीलवाल्या पोरांनी तोड काढली होती. पोर्तुगालचा कोच स्कोलारी हा ब्राझीलचा, दोन वर्षांमागं त्यानंच ब्राझीलला वर्ल्ड कप मिळवून दिलेला. एवढ्या धाग्यावर त्यांनी पोर्तुगालशी सोयरीक जुळवली होती. अर्जेंटिनावाल्यांना फिगो पुरे होता. ग्रीसचं कुणी नव्हतं. नाना सोडून.

नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणी गल्लीच्या टीममध्ये स्टॉपर खेळायचे. एका सामन्यात गुडघा फिरला तो कायमचा. पण जिना उतरताना तो गुडघा धरून थांबायची त्यांची जी लकब होती, तिच्यात दुखण्यापेक्षा मिरवणं जास्त होतं असं मला नेहमी वाटायचं.

हाफटाइमला शून्य-शून्य. दुसरा हाफ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील आणि लाइट गेली. सगळ्या गल्लीतून एकदमच शिव्यांचा आवाज उठला, त्यावरून किती घरं जागी होती ते कळलं. काकूंनी देवघरातली मेणबत्ती आणून परातीशेजारी लावली. कुणी म्हणालं ट्रान्झिस्टर आणा, कुणी म्हणालं शाहूपुरीत लाइट असेल, गाडी काढा. नाना काहीच बोलले नाहीत. त्यांनी परातीतल्या अकरा शेंगा मोजून घेतल्या आणि फरशीवर मांडायला लागले.

पाठीमागं एक. तो गोली, निकोपोलिदिस, तेहेतिशीतच पिकलेल्या केसांचा. त्याच्यापुढं चार. पण ते चार त्यांनी एका ओळीत मांडले नाहीत. दोन कडेला, एक मध्ये, आणि मधल्याच्या मागं वीतभर अंतरावर एक, जाडजूड, दोन दाण्यांऐवजी तीन दाण्यांची शेंग.

“ह्यो मोकळा,” नाना म्हणाले. “ह्याला कुणाचंच देणं नाही. फुडच्याचं चुकलं की ह्यानं निस्तरायचं.”

मेणबत्तीच्या उजेडात त्या शेंगेची सावली पुढच्या शेंगेवर पडली होती.

तो मोकळा म्हणजे देल्लास. ट्रायानोस देल्लास, उंचापुरा, इटलीत रोमाकडं असून फारसा खेळायला न मिळणारा. इटालियन लोक या जागेला लिबेरो म्हणतात. त्याचा अर्थही मोकळाच. नानांना इटालियन येत नव्हतं, पण या जागेला दुसरा शब्द शोभणार नाही हे त्यांना खेळून ठाऊक होतं. मोकळा असून सगळ्यात बांधलेला माणूस तोच, हेही.

खेळाच्या या तऱ्हेला इटलीत कातेनाच्चो म्हणतात. कातेनाच्चो म्हणजे दाराची कडी, अडसर. मला हा शब्द पहिल्यांदा वाचनात आला तेव्हा नानांच्याच घराचं दार डोळ्यांपुढं आलं. जुन्या घराचं दोन फळ्यांचं दार, आणि त्यामागं आगळ. हल्लीच्या पोरांना आगळ सांगावी लागते. दाराच्या एका बाजूच्या भिंतीत खोल चौकोनी भोक असतं. दिवसभर आगळ त्या भोकात भिंतीच्या पोटात निजलेली असते, फक्त तिचं टोक वीतभर बाहेर. रात्री काकू ते टोक धरून ओढायच्या. लाकडावर लाकूड घासल्याचा तो जाड, कोरडा आवाज, मग दुसऱ्या बाजूच्या खोबणीत टोक बसल्याचा ठप्प. त्या टोकाशी हात लावून लावून लाकूड काळं, गुळगुळीत, जवळजवळ तेलकट झालेलं. दार बाहेरून ढकललं की फळ्या कुरकुरायच्या, जरा आतही यायच्या. आगळ मात्र हलायची नाही. ती दाराला चिकटलेली नसतेच मुळी. बोटभर मागं असते. दार मागं सरकून तिच्यावर येऊन टेकतं. देल्लास आपल्या पुढच्या बॅकच्या, काप्सिसच्या, मागं तसाच उभा असायचा.

या युक्तीचा जन्म इटलीतला नाही. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान नावाचा ऑस्ट्रियन कोच होता, १९३०च्या दशकात. त्याच्या खेळाडूंतले बरेचजण दिवसा दुसरी नोकरी करून मग फुटबॉल खेळणारे. पूर्णवेळ खेळणाऱ्यांच्या दमाला ते पुरे पडणार नाहीत, हे राप्पानने आधीच मान्य करून टाकलं. तेव्हा बरंचसं जग दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असं खेळायचं. राप्पानने कडेचे दोन हाफ मागं ओढून समोरच्या विंगर्सच्या अंगावर घातले, त्यामुळं दोन्ही बॅक मध्ये मोकळे झाले, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या मागं जाऊन उभा राहिला. फ्रेंच बोलणाऱ्या स्विस लोकांनी याला वेरू म्हटलं. त्याचाही अर्थ कडीच. १९३८च्या वर्ल्ड कपला पॅरिसमध्ये या स्विसांची गाठ जर्मनीशी पडली, आणि ती जर्मनी म्हणजे नुसती जर्मनी नव्हती. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली होती आणि तिचे चांगले खेळाडूही जर्मन संघात घातले होते. पहिला सामना १-१. पाच दिवसांनी पुन्हा खेळवला, त्यात स्विस ०-२ असे मागं पडले आणि ४-२ जिंकले. दुबळ्याने केलेली ही सोय आहे, हे सुरुवातीपासूनच तिच्या अंगावर लिहिलेलं आहे. पुढं इटलीत नेरेओ रोक्कोने त्रिएस्तीनासारख्या छोट्या क्लबला तिच्या जोरावर १९४८ साली लीगमध्ये वर आणलं, आणि मग हेलेनियो हेर्रेराच्या इंटरने १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ युरोपियन कप नेले. म्हणजे दुबळ्यांची कडी श्रीमंतांच्या दाराला लागली. श्रीमंतानं कडी लावली की लोकांना राग येतो. तो बरोबरही आहे. १९६७मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकनं याच इंटरला हरवलं तेव्हा अर्ध्या युरोपानं टाळ्या पिटल्या, कातेनाच्चो मेला असं जाहीर केलं. ते झालं लिस्बनमध्येच.

तर त्याच लिस्बनमध्ये, सदतीस वर्षांनी, ग्रीस.

ग्रीसचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही. २००४च्या आधी ते मोठ्या स्पर्धेला दोनदा गेले होते, १९८०च्या युरोला आणि १९९४च्या वर्ल्ड कपला. सामने सहा, विजय शून्य. अमेरिकेतल्या त्या वर्ल्ड कपात तर तीन सामन्यांत दहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. २००१च्या ऑगस्टमध्ये त्यांनी त्रेसष्ट वर्षांचा जर्मन कोच आणला, ओटो रेहागेल. पहिल्याच सामन्यात हेलसिंकीला फिनलंडनं ५-१ असं झोडपलं. महिनाभराने मँचेस्टरला इंग्लंडशी सामना. तो आमच्या गल्लीत सगळ्यांना आठवतो, कारण अगदी शेवटी बेकहॅमनं ती फ्री किक मारून २-२ केलं होतं. पण त्या सामन्यात तोवर पुढं कोण होतं, हे विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही. ग्रीस पुढं होता. बेकहॅमचा शर्ट आम्हाला आठवतो, समोरच्या भिंतीतले चेहरे नाही.

हा रेहागेल मूळचा एस्सेनचा. कोळसा खाणींच्या त्या मुलखात त्यानं तरुणपणी रंगाऱ्याचं काम शिकलेलं. भिंती रंगवणारा, चित्रं काढणारा नव्हे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्या घराला रंग द्यायला जो माणूस यायचा, तो आठवडाभर नुसता खरवडत असायचा. मग लांबी भरायची, मग पॉलिश पेपर, मग अस्तर. रंगाचा डबा तो शेवटच्या दोन दिवसांत उघडायचा, आणि शेजारीपाजारी येऊन रंग छान आहे म्हणून जायचे. रेहागेलनंही तीन वर्षं लांबीच भरली म्हणायची. पात्रता फेरीत पहिले दोन सामने ०-२, ०-२ असे हरले. त्यानंतरचे सहाच्या सहा जिंकले, त्यात स्पेनला त्यांच्याच देशात १-० हरवलं. त्या सहा सामन्यांत ग्रीसनं एकही गोल खाल्ला नाही.

कागदावर त्यांची मांडणी साधीच होती. मागं चार, मध्ये पाच, पुढं एक. चेंडू आपल्याकडं आला की मधल्या पाचांतले कडेचे दोघं पुढं सरकायचे. पण खरी गंमत मांडणीत नव्हती, वाटपात होती. मागचे तीन बॅक माणूस धरून खेळायचे. आपल्या वाटणीला जो आला, तो जिथं जाईल तिथं जायचं. उपान्त्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या ऑंरीला सेइतारिदिस चिकटला, आणि झिदानच्या मागं कात्सूरानिस. पंचवीस वर्षांचा कात्सूरानिस त्या रात्री झिदानच्या इतका जवळ होता, की झिदाननं मान वळवली तरी याचा श्वास लागावा.

ही पद्धत तोवर सगळ्यांनी अडगळीत टाकलेली होती. मिलानच्या आरिगो साक्कीनं १९८०च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं की माणूस धरायचा नसतो, जागा धरायची असते. चौघं एका दोरीत बांधल्यासारखे पुढं-मागं सरकायचे, समोरचा ऑफसाइडमध्ये सापडायचा. सगळं जग तसं खेळायला लागलं. आणि म्हणूनच, मला वाटतं, २००४ साली ग्रीस एवढा जड गेला. त्या पिढीचे फॉरवर्ड जागा शोधायला शिकलेले होते. दोन बॅकच्या मधली फट, हाफ आणि बॅकच्या मधला पट्टा. माणूस अंगावर घेऊन नव्वद मिनिटं खेळायची सवयच त्यांना राहिली नव्हती. त्यात मे महिन्यापर्यंत क्लबांनी त्यांचा पार पिट्ट्या पाडलेला. जुन्या कुलपाची किल्ली सगळ्यांनी हरवलेली होती, एवढाच मामला. रेहागेलला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांना त्याचं उत्तर साधारण असं असायचं, की जो जिंकतो तो आधुनिक. हे उत्तर चलाख आहे, पण मला पुरतं पटत नाही. तो जुनाटच होता. जुनाट असण्यात काय वाईट आहे, असं त्यानं म्हणायला हवं होतं.

त्या स्पर्धेला पोर्तुगालनं सुरुवात केली ती ग्रीसशीच खेळून, १२ जूनला पोर्तोमध्ये. यजमान १-२ हरले. एकोणीस वर्षांचा रोनाल्डो हाफटाइमला आत आला आणि आल्या आल्या पुढं घुसलेल्या सेइतारिदिसला पाडून त्यानं पेनल्टी दिली. शेवटच्या मिनिटांत एक गोल परत केला, पण उशिरा. मग ग्रीसनं स्पेनशी १-१ बरोबरी केली, रशियाशी १-२ हरले. स्पेनचेही तेवढेच गुण, गोलफरकही तेवढाच. ग्रीसनं गोल जास्त केलेले म्हणून ते पुढं गेले. बचावाचा म्हणून जगानं नाक मुरडलेला संघ जास्त गोलांवर पुढं गेला, हे नाना नंतर कित्येक दिवस सांगत होते.

फ्रान्सवरचा गोल मी पाहिला आहे, लाइट होती. झागोराकिस, ग्रीसचा कप्तान, उजव्या कडेला चेंडू घेऊन पळतो. समोर लिझाराझू, वर्ल्ड कप जिंकलेला. झागोराकिस थांबत नाही, वळत नाही. पायाच्या टोकानं चेंडू अलगद लिझाराझूच्या डोक्यावरून पलीकडं टाकतो आणि स्वतः बाजूनं जाऊन तो गाठतो. हे अख्ख्या संघाचं त्या महिन्यातलं एकुलतं एक नखरेल काम. मग क्रॉस. मध्ये आंजेलोस खारिस्तेआस एकटा, इतका एकटा की जणू फ्रेंच बॅक दुसऱ्याच सामन्यात आहेत. डोकं. बार्थेझ हललाही नाही. मोजून चार-पाच सेकंदांचं काम, आणि त्यासाठी पासष्ट मिनिटं राखण.

याला आमच्याकडं लगेच गनिमी कावा म्हणायची हौस असते. त्या दिवसांत मीही चारचौघांत तसं म्हणून घेतलं. आता वाटतं, नाही. गनिमी काव्यात मुलूख आपला असतो, पळून जायला डोंगर असतात, छापा घालून नाहीसं व्हायचं असतं. फुटबॉलच्या मैदानात नाहीसं व्हायला जागा कुठं आहे? तिथं समोरच्याच्या नजरेसमोर उभं राहायचं असतं, तो येणार हे ठाऊक असतं, कुठून येणार हेही ठाऊक असतं. ही शेताची राखण आहे. माळ्यावर बसलेला माणूस पाखरांवर चालून जात नाही. पाखरं येतात, तो गोफण फिरवतो, पाखरं उडतात, पुन्हा येतात. दिवसभर हेच. त्याच्या कष्टाचा पुरावा म्हणजे दाणा जागेवर आहे, एवढाच. आणि जागेवर असलेला दाणा कुणी बघत नाही. खरं तर ग्रीसला वेगवान प्रतिहल्ला चढवणारा संघ म्हणणंही थोडं उदारपणाचं आहे. बाद फेरीत त्यांनी तीन गोल केले, तिन्ही डोक्यानं, त्यातले दोन कॉर्नरवरून. उपान्त्य सामन्यात चेक संघ त्यांच्यापेक्षा सरस होता, रोसिस्कीचा फटका बारला लागला, नेदवेद गुडघा धरून पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला. जादा वेळेच्या पहिल्या अर्ध्याच्या अगदी शेवटच्या क्षणी त्सियार्तासनं कॉर्नर मारला आणि तो मोकळा माणूस, देल्लास, पुढं येऊन डोकं लावून गेला. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता. जादा वेळेचा तो अर्धा संपताना जो पुढं, तो जिंकला. चेक लोकांना उत्तर द्यायला वेळच उरला नाही. हा नियम लगेच नंतर बंद झाला. युरो कपात त्या नियमानं निकाल लागलेला तो एकच सामना.

गावातल्या शाहू स्टेडियमला नानांबरोबर जायचं म्हणजे एक भांडण ठरलेलं असायचं. सगळ्यांना मध्यरेषेच्या समोर बसायचं असतं. नानांना गोलपोस्टच्या मागं, वरच्या पायरीवर. तिथून पलीकडचा गोल दिसतच नाही नीट. पलीकडं काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं. पण अलीकडचे चार बॅक पाठमोरे दिसतात. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला, गॅलरी कोसळेल असं वाटत असलं, तरी नाना त्या चार पाठींकडं बघत असायचे.

“बॉल बघू नगंस,” ते माझी हनुवटी धरून मान वळवायचे. “बॉलकडं दहा हजार माणसं बघायल्यात. तू ह्यो डावा बघ.”

मी डावा बघायचो. चेंडू पार उजव्या कडेला, आणि हा डावा बॅक चार पावलं आत येतो. मानेवरून मागं बघतो. हात वर करून मधल्याला काहीतरी सांगतो. दोन पावलं मागं. चेंडू इकडं येतच नाही. तो परत चार पावलं बाहेर जातो. पुन्हा आत. नव्वद मिनिटांत हे त्यानं दोनशे वेळा केलं असेल आणि त्यातल्या पाच-सात वेळाच चेंडू आला असेल. चौघांच्या मधलं अंतर कधी दहा पावलांच्या वर गेलं नाही. एकजण पुढं झेपावला की बाकीचे तिघं त्याच्या रिकाम्या जागेकडं कलंडतात, पाण्यात दगड पडावा आणि पाणी लगेच मिटावं तसं. हे टीव्हीवर दिसत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागं असतो, आणि बचाव नेहमी चेंडू नसतो तिथं चाललेला असतो.

लोक ग्रीसला कुरूप म्हणाले. वर्तमानपत्रांतून ते लिहून आलं, आमच्या कट्ट्यावरही तेच. मला ते तेव्हाही पटलं नाही, आणि आजही माझी बाजू मी पुरती मांडू शकत नाही. सगळेच संघ असं खेळायला लागले तर मी फुटबॉल बघायचं सोडीन, हे मला कबूल आहे. कुणाचीतरी मुसंडी असेल तरच अडवण्यात रस. नाहीतर दोन चौकीदार एकमेकांना पहारा देत बसलेत. पण त्या ग्रीसकडं पर्याय काय होता? मोठ्या क्लबांत होते तेही फारसे खेळत नव्हते. खारिस्तेआस जर्मनीत बदली खेळाडू म्हणून बसलेला असायचा. सट्टेवाल्यांनी त्यांना दीडशेला एक असा भाव लावला होता. अशा लोकांनी ब्राझीलसारखं खेळून पाच गोल खायचे आणि छान खेळले म्हणवून घ्यायचं, ही अपेक्षा घरच्या भरल्या ताटावर बसून केलेली आहे.

लाइट आली तेव्हा टीव्हीच्या कोपऱ्यात आकडा आला: पोर्तुगाल ०, ग्रीस १. कुणीतरी “आयला!” म्हणालं आणि मग कुणीच काही बोललं नाही. मेणबत्ती विझवायचं भान राहिलं नाही, ती तशीच जळत राहिली. गोल नंतर रिप्लेत पाहिला. सत्तावन्नावं मिनिट, बासिनासचा कॉर्नर, खारिस्तेआसचं डोकं. गोली रिकार्डो पुढं आला आणि चुकला. बासिनासचंही नाव आंजेलोस. एका आंजेलोसनं टाकला, दुसऱ्यानं घातला.

नानांनी मान वर करून आकडा बघितला. आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद वगैरे काही दिसला नाही. “आता बघा,” एवढंच म्हणाले, जणू सामना आत्ता सुरू होतोय.

उरलेल्या वेळात पोर्तुगालनं काय केलं नाही? फिगो उजवीकडून आला, डावीकडून आला. रुई कोस्टाला आत घेतलं, त्याचा देशासाठीचा तो शेवटचा सामना. रोनाल्डो एकदा एकटाच सुटला आणि चेंडू बारच्या वर गेला. मी पहिल्यांदाच चेंडू सोडून बघायचा प्रयत्न टीव्हीवर करत होतो आणि पडद्याच्या कडेला जेवढं मावतं तेवढंच दिसत होतं: कुणाचा तरी निम्मा पाय, कुणाचा वर केलेला हात. फिसास, काप्सिस. काप्सिस चेंडू मिळाला की फार विचार न करता लांब मारून टाकायचा, आणि चेंडू वर असेपर्यंतच्या दोन सेकंदांत सगळे आपापल्या जागी परतायचे. नाना फरशीवरच्या शेंगा त्याप्रमाणं सरकवत होते. काकू म्हणाल्या, “अहो, आता तरी टीव्हीत बघा.” ते म्हणाले, “बघतोय की.”

शिट्टी झाली. रोनाल्डो रडायला लागला. पोरं पावसात निघून गेली, जाताना कुणी ग्रीसचं अभिनंदनही केलं नाही. नानांनी फरशीवरच्या शेंगा उचलल्या आणि एकेक फोडून खाल्ल्या, तीन दाण्यांची शेवटी. मग काकूंनी आगळ ओढली.

ग्रीस त्यानंतर २००६च्या वर्ल्ड कपला पोचलाच नाही. २००८च्या युरोत गतविजेते म्हणून गेले आणि तिन्ही सामने हरले. नानांना त्याचं काही वाटलं नाही. राखण एका हंगामाची असते, म्हणाले.

१० डिसेंबर २०२२च्या रात्री मी पुतण्याबरोबर सामना बघत होतो. नाना जाऊन सहा वर्षं झाली होती, जुन्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. साडेआठला सामना, दोह्यात, पुन्हा पोर्तुगाल. समोर मोरोक्को, ज्यांचा कोच वालिद रेग्रागुई वर्ल्ड कपच्या जेमतेम तीन महिने आधी नेमलेला. पाच सामने धरून त्या स्पर्धेत मोरोक्कोवर एकच गोल झाला होता, तोही त्यांच्याच माणसाच्या पायाला लागून आत गेलेला. मागं चार, त्यांच्यापुढं अम्राबात एकटा, त्याच्यापुढं पुन्हा चौघं. माणूस धरत नव्हते, जागा धरत होते. राप्पानपेक्षा साक्कीचे वंशज. पण चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा आणि त्याच्या येण्याची वाट बघायची, हे तेच. बेचाळिसाव्या मिनिटाला डावीकडून क्रॉस आला, एन-नेसिरी असा काही उंच उडाला की गोली पुढं येऊन त्याच्या खालीच राहिला, आणि डोक्यानं गोल. १-०. मी पुतण्याला म्हटलं, बघ, आता सामना सुरू झाला. त्याला कळलं नाही.

कप्तान साइस, मधला बॅक, आधीच मांडी बांधून खेळत होता. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. त्याचा जोडीदार तर दुखापतीमुळं आलाच नव्हता. शेवटी शेवटी एकाला लाल कार्ड. दार कुरकुरत होतं, फळ्या आत येत होत्या. रोनाल्डो, आता सदतीस वर्षांचा, पुन्हा बदली म्हणूनच आत आला होता. शिट्टी झाल्यावर तो एकटाच बोगद्याकडं चालत गेला, डोळे पुसत. आफ्रिकेतला संघ वर्ल्ड कपच्या उपान्त्य फेरीत पहिल्यांदा पोचला होता.

पुतण्यानं लगेच मोबाइलवर गोल परत लावला. तीन वेळा बघितला. मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, म्हणाला, “काका, रोनाल्डो असाच रडला होता ना, ग्रीसच्या वेळी? तुम्ही ती फायनल लाइव्ह बघितलीय म्हणं. गोल कसा झाला वो?”

“लाइट गेली होती,” मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.